सासऱ्यांच्या खुर्चीत फान पोछिंग

चीनमधल्या सूचौ शहराच्या पाणीपुरवठा कचेरीतले कारकून फान पोछिंग यांनी त्या रविवारी सकाळी ठरवलं, की आज आपण सासऱ्यांच्या खुर्चीत बसायचं. लग्न झाल्यापासून ते त्या खुर्चीसमोर फक्त उभे राहिले होते. जुनी, शिसवी, पाठ आणि हात मिळून एकच गोल कमान, आणि सबंध खुर्चीत एक खिळा नाही. सगळे सांधे खाचेत खाच अडकवून बसवलेले. तिच्यावर बसायचा मान कैलासवासी सासऱ्यांच्या फोटोचा. (हयात असताना सासरेही तिच्यावर बसायला कचरत.)

पण आज मुलीला, यीतिंगला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला थांगसाहेब सपत्नीक येणार होते. मुलीच्या बापाने प्लास्टिकच्या स्टुलावरून बोलणी करायची? पोछिंगनी फोटो उचलून फ्रिजवर ठेवला आणि ते ऐसपैस बसले. खुर्चीने त्यांना आत घेतलं. परत मात्र देईना.

बायकोने, लानफेनने, आधी ओढून पाहिलं. मग तिळाचं तेल आणलं, आणि तेलाने लाकूड काळवंडतं हे आठवून बाटली परत नेली. साबणाच्या पाण्याने म्हणे लाकूड फुगतं.

"मग करवत तरी आण," पोछिंग रडकुंडीला येऊन म्हणाले.

"कुठून कापू तुम्हाला?" लानफेनने शांतपणे विचारलं.

तेवढ्यात पाहुणे आले. यजमान काही जागचे उठेनात, तेव्हा थांगसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. लानफेनने सावरून घेतलं, की ह्यांच्या पायांत जोर नाही हो. थांगबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"आनुवंशिक आहे का?"

यीतिंगचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीचं लग्न डोळ्यांदेखत मोडतंय हे पाहून पोछिंग उठले. खुर्चीही उठली. कमरेत वाकून, बुडाला खुर्ची घेऊन, त्यांनी टेबलाभोवती चांगली खणखणीत फेरी मारून दाखवली.

थांगसाहेबांना जुन्या लाकूडसामानाचं वेड. चष्मा लावून ते पोछिंगच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "असेच वाकून राहा जरा."

मग खुर्चीवरून हळुवार हात फिरवत ते बायकोला म्हणाले, की बघ, एवढ्या ओझ्याला एक सांधा कुरकुरला नाही. असली वस्तू जपणाऱ्या घरातली मुलगी सोडायची नाही. बोलता बोलता त्यांनी जेवणाच्या काडीच्या टोकाने कमानीतली एक बारीक पाचर बाहेर ढकलली, मग दुसरी. कमान सुटली, हात सुटले, आणि पोछिंग धाडकन जमिनीवर उताणे पडले.

सगळे धावले. कमान थांगसाहेबांनी झेलली, पाय थांगबाईंनी आणि बैठक यीतिंगने. पोछिंगनी पडल्या पडल्या हात वर केला.

लानफेन लगबगीने जवळ आली, खाली वाकली आणि त्यांना कुशीवर लोटत म्हणाली, "सरका बघू, एक पाचर सापडत नाहीये."