ल्याओ मास्तरांचा सरळ बांबू

झाड उजेडाकडे झुकतं. हा सृष्टीचा नियम आहे. सरकारं बदलोत, भूकंप होवोत, तो मोडत नाही. तैनान शहरातल्या ल्याओ मास्तरांच्या घरी मात्र तो अख्खं वर्षभर मोडला, आणि तोही भाताच्या कुकरच्या खोक्यात!

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते हे ते संत्रं हातात धरून इतकं छान समजावायचे, की मुलं तास संपेपर्यंत त्या संत्र्याकडेच बघत बसायची. एरवी त्यांच्या हातांनी केलेली एकही वस्तू जगात नव्हती. आणि नेमकं हेच त्यांच्या सासऱ्यांना खुपायचं.

सासरे, म्हणजे थ्येनवेई गावचे म्हातारे चान, जातीचे नर्सरीवाले. त्यांचे इतर दोन जावई त्यांना ‘जावईबापू’ होते. एक ऑर्किड लावायचा, दुसरा ट्रक चालवायचा. ल्याओंना मात्र लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी ते ‘मास्तर’च म्हणत. "मास्तर, सूप घ्या." "मास्तर, चपला कुठे काढल्यात?" पोस्टमनला हाक मारावी तशी हाक. मास्तरांना ती रात्री आठवली की कूस बदलावी लागे.

त्या वर्षी नेहमीप्रमाणे नव्या चांद्र वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी-जावई माहेरी जमले होते. कोंबडी संपली, मुळ्याच्या वड्या संपल्या, तांदळाची दारू संपत आली. मेहुणा थ्येनशेंग नर्सरीतल्या लकी बांबूच्या कांड्या दाखवत होता. स्प्रिंगसारख्या गोल गोल वळलेल्या.

"यात काय मोठंसं?" मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांचं नव्हतं, दारूचं होतं. "प्रकाशाभिमुखता! आम्ही शिकवतो की हे. एका बाजूने उजेड द्यायचा आणि कांडी हळूहळू फिरवायची. झालं!"

"दाजी, करून बघा की मग!" थ्येनशेंग डोळे मिचकावत म्हणाला.

"करतोच! पुढच्या वर्षी याच दिवशी, याच टेबलावर, माझ्या हाताने वळवलेली कांडी ठेवतो. तीन वेढ्यांची!"

"वर्षभरात एक झाला तरी देव पावला, दाजी."

"मग एक! पण असा एक, की बाबा बघतच राहतील!"

सासऱ्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "मास्तर, पाणी तरी बदलता येतं का तुम्हाला?"

सगळं टेबल हसलं. मास्तरांची बायको मेइहुईसुद्धा हसली. तिने नंतर खोकल्याचं सोंग केलं, पण उशीर झाला होता.

घरी आल्यावर मास्तरांनी कुकरच्या खोक्याची एक बाजू कापली, आत खडे घातलेली काचेची बरणी ठेवली, बरणीत कांडी उभी केली आणि उघडी बाजू खिडकीकडे करून खोका बैठकीत मांडला. मग घरच्यांना ओळीने उभं केलं. आबा म्हणजे मास्तरांचे वडील, आई, मेइहुई, दोन्ही मुली.

"या बरणीला कोणीही हात लावायचा नाही! दर रविवारी मी फिरवणार. फक्त मी!"

"देवाचं पाळतो तेवढं कडक सोवळं!" आई म्हणाल्या.

"आई, हा विज्ञानाचा प्रश्न आहे."

मास्तर पाणी रात्रभर उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचे. ऊन थेट पडू नये म्हणून खिडकीला बायकोची जुनी ओढणी लावली. पान पिवळं पडलं तर शाळेत जेवण जायचं नाही. आणि कांडी? कांडी तरारली, वाढली, आणि सरळ वाढली. इतकी सरळ, की मास्तर फळ्यावर आलेख काढताना तिची पट्टी करू शकले असते.

चैत्र-वैशाख गेला. थ्येनशेंगला फोन झाला.

"दाजी, फिरवताय ना?"

"दर रविवारी!"

"एकाच दिशेला?"

"अरे, मी पृथ्वी फिरवणारा माणूस आहे!"

"मग खालून गज घातलाय का कुणी कांडीत?"

मास्तरांनी फोन आपटला. पण संशयाचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यांनी बरणीवर लाल शाईचा एक ठिपका काढला. खिडकीसमोर, बरोब्बर मधोमध. आणि शाळेत गेले.

संध्याकाळी ठिपका भिंतीकडे होता.

मास्तरांनी तो पुन्हा खिडकीकडे केला. दुसऱ्या दिवशी तो दाराकडे. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराकडे. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरणीला कोणी हात लावलाय का?"

"छे!" पाच तोंडांतून एकदम आलं. इतकं एकदम, की टेबलावरचा मासाही दचकला असावा.

पण एक गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती. बाकीच्या पाचांनाही तो ठिपका दिसत होता, आणि तो आपण ठेवला तिथे राहत नाही हे प्रत्येकाला वेगवेगळं कळलं होतं. त्यात लागला सातवा महिना. भुतांचा. पाताळाचे दरवाजे उघडतात, उपाशी आत्मे गल्लीबोळांत हिंडतात, शहाणी माणसं ओले कपडे बाहेर ठेवत नाहीत, असा हा महिना. आणि अशा महिन्यात बैठकीतली बरणी आपोआप फिरत होती!

आईंनी शेवटी तोंड उघडलं. "पोरा, तुझ्या त्या विज्ञानाला पाय फुटलेत. मी देवळातल्या को काकांना बोलावलंय."

"आई! मी शिक्षक आहे! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मग बघू. आधी पितर काय म्हणतात ते ऐकू!"

को काका आले. गोलमटोल गृहस्थ, बनियनवर झब्बा. त्यांनी पितरांच्या नावाच्या फळीसमोर उदबत्त्या लावल्या आणि खिशातून अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे काढले. एक उताणा अन् एक पालथा पडला तर होकार, दोन्ही पालथे तर नकार, दोन्ही उताणे तर पितर हसताहेत.

"पितरांनो, ही बरणी तुम्ही फिरवता का?"

खट्! एक उताणा, एक पालथा. होकार!

मेइहुईने दोन्ही मुलींना जवळ ओढलं. मास्तरांनी चष्मा पुसला.

"भूक लागलीय का तुम्हाला?"

दोन्ही उताणे. पितर हसत होते.

"ल्याओ मास्तरांवर राग आहे?"

होकार!

"बघ!" आईंनी बाहीने डोळे टिपले. "तरी सांगत होते, आजोबांच्या श्राद्धाला सुट्टी काढ म्हणून!"

"बांबू घराबाहेर टाकायचा?" काकांनी विचारलं आणि ठोकळे उचलले.

पाच-सहा महिन्यांवर नवं वर्ष, आणि कांडी भुताच्या पदरात! टेबलावर काय ठेवणार, आणि सासरे काय म्हणणार? मास्तर पुढे सरसावले. तेवढ्यात कोपऱ्यातून, वर्तमानपत्राच्या मागून, आबांचा आवाज आला.

"मी फिरवतो."

सगळे वळले. आबा दिवसातून चार वाक्यं बोलायचे, त्यातली तीन रेडिओला उद्देशून असायची.

"तुम्ही?"

"तुझ्या आजोबांना हिरवं बघायला आवडायचं. त्यांचा फोटो तिकडच्या भिंतीवर. पानं त्यांच्याकडे करतो. कचऱ्याची गाडी धून वाजवत आली, की तुम्ही सगळे पिशव्या घेऊन खाली पळता. तेव्हा करतो."

मग मेइहुई हळूच म्हणाली, "अहो, मीपण. पाहुणे आले की बोडकी बाजू दिसते हो. पानांची बाजू पुढे केली, एवढंच!"

"सूनबाई, तू?" आई ओरडल्या. "अगं, पानं दाराकडे झुकली की घरातली लक्ष्मी बाहेर जाते! मी रोज आत वळवते, आणि तू बाहेर?"

"आणि तुम्ही दोघी?" मास्तरांनी मुलींकडे बघितलं.

थोरलीने धाकटीकडे बोट केलं. धाकटीने थोरलीकडे. शेवटी धाकटी म्हणाली, "तो सारखा खिडकीतून एकच भिंत बघतो, बाबा. कंटाळत असेल. मी त्याला टीव्ही दाखवते."

"मी गृहपाठ दाखवते," थोरली म्हणाली.

मास्तरांनी लाल ठिपक्याकडे बघितलं. कांडी बिचारी इतके महिने उजेडाकडे वळायला निघत होती, आणि दर वेळी घरातलं कुणीतरी तिला प्रेमाने परत फिरवत होतं. सहा माणसं, सहा दिशा. ती सरळ राहिली नसती तरच नवल!

"पण काका," मास्तरांनी तिरकस विचारलं, "मग पितर ‘हो’ कसं म्हणाले?"

को काका जराही डगमगले नाहीत. "पितर स्वतः कुठे येतात, मास्तर? यांच्या हातून फिरवतात." एवढं बोलून त्यांनी आईंच्या हातच्या शेवया दोन वाट्या खाल्ल्या आणि ते निघून गेले.

त्यानंतरही घरातल्या कुणाचा हात थांबला नाही, आणि नवं वर्ष आलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बरणी मांडीवर घेऊन बसने थ्येनवेईला गेले. कांडी आता हातभर लांब झाली होती. बसमध्ये एकाने विचारलं, "कसली काठी हो?" मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

टेबलावर बरणी ठेवल्यावर थ्येनशेंगने बघितलं. मग मान तिरकी करून बघितलं.

"दाजी, वेढा कुठाय?"

मेइहुईला राहवलं नाही, तिने सगळं सांगून टाकलं. आजोबांचा फोटो, आईंची लक्ष्मी, टीव्ही, गृहपाठ, को काकांच्या शेवया, सगळं! ट्रकवाला जावई खुर्चीवरून घसरला. थ्येनशेंगला भाताचा ठसका लागला. आणि म्हातारे चान, जे हसले तर दाताची कवळी निसटेल या भीतीने कधीच हसत नसत, ते कवळी हातात घेऊन हसले. डोळे पुसत उठले, त्यांनी बरणी उचलली, स्वतःच्या हाताने नेऊन टीव्हीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मास्तरही उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाबा काहीतरी बोलणार, हे दिसतच होतं.

म्हातारे परत जाऊन खुर्चीत बसले. खाकरले.

"जावईबापू," ते म्हणाले.

सगळं टेबल मास्तरांकडे वळलं.

"जरा बाजूला सरका. टीव्ही दिसत नाही."

या गोष्टीला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. म्हातारे चान गेले. त्यांच्या आधी आबा गेले, मग आई. थोरली कॅनडात आहे, धाकटी तैपेईत, आणि मेइहुईबाई वर्षातले सात-आठ महिने नातवंडांसाठी धाकटीकडे असतात. कचऱ्याची गाडी अजून तीच धून वाजवत येते. मास्तर एकच लहानशी पिशवी घेऊन खाली जातात आणि वर येतात.

गेल्या वर्षी त्यांनी बाजारातून एक कांडी आणली. कुकर नवा घेतला होता, त्याचा खोका कापला, आणि बरणीवर लाल शाईने ठिपका काढला. दर रविवारी ते बरणी थोडी फिरवतात. ठिपका ठेवला तिथेच असतो.

धाकटी फोनवर विचारते, "बाबा, बांबू कसा आहे?"

एक वेढा पूर्ण झालाय. दुसरा सुरू आहे.