'येस सर' म्हणाल तर गैरहजर

आमच्या कॉलेजात गजभिये सरांच्या तासाला 'येस सर' म्हटलं की गैरहजेरी लागते. नाव पुकारलं की मुलानं उभं राहून एक गोष्ट सांगायची. काल ठाऊक नव्हती, आज आहे, आणि जिचा त्याच्या मुख्य विषयाशी काडीचाही संबंध नाही, अशी. सर ती हजेरीपटाच्या इवल्याशा चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरात लिहून घेतात आणि पुढचं नाव पुकारतात.

हा तास आधार पाठ्यक्रमाचा. बी.एस्सी.ला आलेल्या मुलांनी थोडी भाषा, थोडा समाज, थोडं जग शिकावं म्हणून ठेवलेला. जबलपुरात या विषयाला कुणी विषय मानत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं कमानिया गेटहून गाइड आणतात आणि पास होतात. खरं सांगते, मीही मानत नव्हते. मी संगणक शिकवते. माझ्या प्रॅक्टिकलला वेळ पुरत नाही आणि शेजारच्या वर्गात साठ मुलं गप्पा मारत बसतात, याचा मला भयंकर राग यायचा. एक दिवस तसं मी सरांना तोंडावर बोलून दाखवलं.

"मॅडम, मशीनला काय सांगायचं ते तुमची पोरं शिकून राहिली," सर म्हणाले. "चांगलंच आहे. अन् त्याच्याशिवाय?"

हे त्यांचं पालुपद. मी विभागप्रमुख झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि विचारलं, "अच्छा. अन् त्याच्याशिवाय?" घमापुरातले त्यांचे शेजारी, फॅक्टरीतून रिटायर झालेले मेश्राम काका, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. जावई इंजिनिअर, कंपनी मोठी, पॅकेज तगडं, सगळं कौतुकानं सांगून झालं. सरांनी आपला तोच प्रश्न टाकला. काका रागावून पत्रिका घेऊन परत निघाले. दारातून मात्र वळले आणि पडल्या आवाजात म्हणाले, बासरी वाजवतो. त्या लग्नात सर तीन दिवस राबले.

सर वेळ कसा वाया घालवतात ते पाहावं म्हणून एकदा मी त्यांच्या वर्गाबाहेर उभी राहिले. एका मुलानं सांगितलं की त्याच्या गल्लीतला न्हावी डावखुरा आहे. सरांनी ते गंभीरपणे लिहिलं. कात्र्या तर उजव्या हाताच्या मिळतात, मग हा गडी काय करतो, ते उद्या विचारून ये, असंही सांगितलं. मला हसू आवरेना. मग बरगी धरणाजवळची सरिता उभी राहिली.

"सर, नानी का गाँव बाँध के पानी में है. मामा जाल डालने जाते हैं तो नानी बोलती है, उधर मत डालना, उधर अपना तुलसी चौरा था, जाल अटकेगा."

पाण्याखालचं ते तुळशीवृंदावन ऐकून वर्गात कुणी हसलं नाही. पुढचं नाव घ्यायला सरांनी बराच वेळ लावला. त्या दिवशी मी माझ्याच प्रॅक्टिकलला उशिरा पोचले.

सत्र संपलं, हजेरीपट कार्यालयात जमा झाले आणि संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मुलं माझ्याच विभागाची आणि मी विभागप्रमुख, म्हणून मलाही. त्यांच्यापुढे सरांचा पट उघडा होता. चौकोनात 'पी' हवा नाहीतर 'ए', आणि इथे न्हावी, नानी, तुलसी चौरा. नियमानं पाहिलं तर साठही मुलं सत्रभर गैरहजर, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. सोमवारपर्यंत 'पी' लिहिलेला स्वच्छ पट आणा, ते म्हणाले, आणि पुढच्या सत्रापासून हा तास प्लेसमेंटच्या तयारीला द्या. मुलांना नोकरी हवी असते, ही फालतूगिरी नको.

सर उभेच होते. "सर, 'पी' तो कोई भी दोस्त लगवा देता है," ते म्हणाले. "ये बच्चे सचमुच आए थे. सबूत मैंने लिख के रखा है."

मुलांचं नुकसान नको म्हणून 'पी' लिहायला ते तयार झाले. पण याच पटात, प्रत्येक गोष्टीच्या शेजारी. एक अक्षर पुसणार नाही म्हणाले. आणि तासाचं काय, तर खोली घ्या, मला सायकल स्टँड पुष्कळ आहे. आजही ते तिथे तास घेतात. कॉलेजच्या हजेरीत काहीच धरलं जात नाही, तरी मुलं येतात. ज्यांना हा तास फालतू वाटतो त्यांनी एकदा तिथे येऊन उभं राहावं, माझं आव्हान आहे.

पट द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी मी लाल पेन घेऊन सरांच्या घरी गेले. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. सर एकेक चौकोन वाचायचे, मी 'पी' लिहायची. चारच्या सुमारास फोन वाजला तसे ते ताठ बसले. बंगळुरूहून मुलगा, प्रशिक; दर रविवारी याच वेळी त्याचा फोन असतो. सरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर. जेवण झालं का, झालं. औषध घेतलं का, घेतलं. ऑफिस कसं, चालू आहे.

"अन् त्याच्याशिवाय?" सरांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

"बाकी काही नाही, बाबा. ठेवू?"

सरांनी फोन पटाशेजारी ठेवला. "पाचवीत होता तं नर्मदेतले गोटे जमवत होता," ते म्हणाले. "एकेकाले नाव देऊन. मीच फेकले, मॅडम. म्हटलं, हे काय परीक्षेत येते? अभ्यास कर. केला बिचाऱ्यानं. आता बोलाले काही मलेही सापडत नाही अन् त्यालेही नाही."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पान उलटलं. साठाव्या नावाखाली पेन्सिलीनं एकसष्टावं नाव लिहिलं होतं, प्रशिक गजभिये. ओळभर चौकोन रिकामे. एका रविवारच्या चौकोनात मात्र मुंगीएवढ्या अक्षरात होतं : 'ऑफिसच्या खिडकीत कबुतरानं अंडी घातली. दोन.'

सरांनी त्यावर तळहात ठेवला. "हे राहू द्या. हे कॉलेजचं नाही."

मी पट माझ्याकडे ओढला आणि त्या चौकोनात लाल पेनानं 'पी' लिहिला.

सोमवारी संचालक एकेका नावावरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले. "साठ की क्लास है. ये इकसठवाँ कौन है?"

सर खाली फरशीकडे पाहायला लागले. उत्तर मी दिलं.

"स्टूडेंट है, सर. ज़रा दूर से आता है."