अन्नपूर्णाबाईंचा आकडा

या, असे जवळ सरकून बसा. बुवांचा पखवाजवाला अजून पखवाजाला कणीक लावतो आहे, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर सोनाळ्याच्या अन्नपूर्णाबाईंच्या फडक्यांची गोष्ट ऐकून घ्या. हसू आलं तर हसा, देवाला चालतं.

तर झालं असं, की सप्ताहात कीर्तनकार जीवनमहाराजांचं जेवण कोणाकडे, याची चिठ्ठी देवळात निघाली आणि ती अन्नपूर्णाबाईंच्या नावाची निघाली. सासू होती तोवर हा मान सासूचा, सासू गेल्यावर थोरल्या जाऊबाई रुखमाबाईंचा. अन्नपूर्णाबाईंच्या वाट्याला आजवर भिंतीपलीकडून येणारा पुरणाचा वास तेवढा आला होता. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. महाराजांचं पान आपल्या स्वयंपाकघरात वाढायचं, या विचारानंच त्यांचे डोळे भरून येत.

सोवळ्यात कणभर चूक व्हायला नको होती. एका दिवशी ज्या फडक्यानं महाराजांचं ताट पुसलं, ते दुसऱ्या दिवशी ताटाला लागायचं नाही. सात दिवस, सात फडकी. पण कोणतं कोणत्या दिवसाचं, हे ओळखायचं कसं?

"आई, फडक्यातच आकडा विणू ना," सून योगिनी म्हणाली. तिला दोन सुयांवरचं विणकाम यायचं. "सुलट टाक्याइमंधी उलटे टाके घेतले की आकडा असा उठून दिसते. रंग नाई का शाई नाई."

अन्नपूर्णाबाईंना कल्पना फार आवडली. जाड सुती दोरा आला. मोबाइलवर कीर्तन लावायचं आणि अभंगाच्या ठेक्यावर टाके टाकायचे. पहिला साधला तो चार. त्यांनी ते चौकोनी फडकं विहिरीच्या पाण्यानं धुतलं आणि अंगणाच्या कडेच्या तारेवर वाळत घातलं. तारेच्या अलीकडे अंगण, पलीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे उकंडरावचा पानठेला.

या ठेल्यावर पानं कमी आणि सट्ट्याचे आकडे जास्त लागत. कोणाची म्हैस कितीदा शिंकली, कोणाच्या स्वप्नात किती कावळे आले, यावरून इथले जाणकार आकडा काढायचे. अशा माणसांच्या डोळ्यांपुढे भरदुपारी तारेवर हातभर चौकोनात चार झळकला. आणि त्या दिवशी आकडा आला तोही चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव नारळ घेऊन दारात उभा.

"कायचं नारळ रे बाप्पा?"

"राहू द्या ना माय. तुमाले सारं समजते."

सप्ताहाचं असेल, असं समजून अन्नपूर्णाबाईंनी ते देवापुढे ठेवलं. म्हणाल्या, "अजून लय विणाचे आहेत. आज एक टांगतो, पाह्यजा तुमी बी."

उकंडरावनं जागच्या जागी डोळे मिटून हात जोडले.

त्या दिवशी तारेवर तीन लागला. आता चार कसा, पुढूनही चार आणि मागूनही चार. तिनाचं तसं नाही. अंगणातून पाहिलं तर तीन. रस्त्यावरून, फडक्याच्या पाठीकडून पाहिलं तर सरळ सहा. अख्ख्या ठेल्यानं सहा लावला. आला तीन.

संध्याकाळी दारात घोळका जमला.

"वहिनी, हे काई बरं नाई केलं," उकंडराव रडकुंडीला आला होता. "दाखवला सहा अन् आला तीन!"

"मंग तीनच तं विणला मी! इकडं ये बे, डोळे फुटले काय तुये?" अन्नपूर्णाबाईंनी त्याला हाताला धरून अंगणात आणलं.

उकंडरावनं फडकं पाहिलं. मग कान पकडले. मग बाहेर तोंड काढून ओरडला, "अबे, खरा आकडा आंगणातूनच पाहा लागते!"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोणी तारेला हळद लावली, कोणी फडक्याला कुंकू. कुंकू लागलं की सोवळं मोडलं, म्हणून अन्नपूर्णाबाई ते पुन्हा धूत, धुतलं की पुन्हा टांगावं लागे, आणि टांगलं की लोक म्हणत, "पाह्यलं? बाईनं दुबार देला!" एकानं तर योगिनीच्या हातातल्या सुयाच डोक्याला लावून घेतल्या.

भिंतीपलीकडे रुखमाबाईंना हे सगळं दिसत होतंच. त्या तडक सप्ताहाचे अध्यक्ष उत्तमराव यांच्याकडे गेल्या आणि त्यांना सोबतच घेऊन आल्या.

"वहिनी," उत्तमराव अंगणातल्या नारळांकडे पाहत म्हणाले, "जिथं आकडा निघते, तिथं महाराजानं कसं जेवाव? जेवन रुखमाबाईकडं ठेवा लागीन."

"भाऊजी, मी पत्त्याले बी कधी हात नाई लावला वो!"

"हात नाई लावला, पन आकडा तं लावला ना तारेवर!"

"मी पह्यलेच म्हटलं होतं," रुखमाबाईंनी पदर खोचला. "चिठ्ठीनं भेटलेला मान चिठ्ठीतच जाते."

अन्नपूर्णाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पाहून उत्तमराव विरघळले. "बरं, सप्ताह बसाच्या आंधी हे गर्दी हटली, तं तुमच्याचकडं. नाई तं माह्या हाती काई नाई."

सगळे गेल्यावर योगिनी म्हणाली, "आई, शून्य विणा. पुढून शून्य, मागून शून्य. लोक समजतीन, माल सरला."

शून्य तारेवर चढलं. उकंडराव अंगणातून पाहून आला, रस्त्यावरून पाहून आला, खाली वाकून पाहून आला.

"इकडून बी काई नाई, तिकडून बी काई नाई," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "माय रुसली."

बघता बघता अंगण मोकळं झालं. जाताना एकानं आपला नारळसुद्धा परत नेला. मागे फक्त भिंतीवरून डोकावणाऱ्या रुखमाबाई राहिल्या, त्याही बराच वेळ.

आणि संध्याकाळी आलं शून्य.

ठेल्यावरची बोंब ऐकून अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. संपलं! आता उद्या पंचक्रोशी लोटणार, आणि आपलं महाराजांचं पान भिंतीपलीकडे जाणार.

पहाटे सड्याच्या वेळेला गर्दी आलीच. पण दारात खराटा घेऊन साक्षात रुखमाबाई उभ्या!

"व्हा मांगं! भांडे पुसाचं फडकं हाय ते, मुडद्यायहो! त्यात देव पाहून राह्यले? काल शून्य लटकलं होतं, तवा कोनं लावलं? कोनीच नाई ना? मंग कायचा चमत्कार? निघा!"

खराटा दोघातिघांच्या पाठीला लागला आणि लोकांची श्रद्धा उडाली. गर्दी हटली का, ते पाहायला उत्तमरावही आले होते. रुखमाबाई त्यांनाही म्हणाल्या, "महाराजाचं जेवन हिच्याचकडं राहू द्या. हात हाय तिच्या सयपाकाले."

अन्नपूर्णाबाईंना काही उमजेना. सगळे पांगल्यावर रुखमाबाई मागच्या दारानं आत आल्या, कडी लावली आणि पदराखालून पेढ्यांचा पुडा काढला.

"जाऊबाई, पेढे कायचे?"

"खाय मुकाट्यानं."

"पन काऊन?"

रुखमाबाईंनी खिडकीबाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "कोनाले सांगजो नोको. आपल्याच घरचं शून्य होतं ना वो? मंग घरच्यानं नाई लावाव, तं कोनं लावाव?"

अन्नपूर्णाबाईंचा पेढा तोंडातच राहिला.

सप्ताह थाटात पार पडला. फडकी घरात चुलीमागे वाळली. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी शून्याचं निरूपण मांडलं: जो स्वतः शून्य झाला, त्यालाच सगळं मिळालं. सगळ्यांत मोठा हुंदका रुखमाबाईंचा होता.

ऐका, पखवाज लागला. उठा आता. एवढीच विनंती, की पंगतीत पुढ्यात लख्ख पुसलेलं ताट आलं, तर त्या भोळ्या अन्नपूर्णाबाईंची आठवण ठेवा. आकड्याची ठेवू नका.