शेचाळीस गुणांच्या बाई

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील तमाम आबालवृद्धांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावात येताना कान झाकून यावे. मफलर, टोपी, पदर, हेल्मेट, काहीही चालेल. उघड्या कानांची जबाबदारी ग्रामपंचायत घेणार नाही.

याचं कारण डॉ. शकुंतलाबाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगावर सुती साडी, पायात बूट आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. समोर माणूस आला की बाई नमस्कार करत नाहीत, कानाची पाळी बघतात. ती गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते आहे, हे कळल्याशिवाय त्यांना पुढचं बोलणंच सुचत नाही. मग म्हणतात, "जीभ काढा. आता नळीसारखी वळवा." आमच्या गावात पोस्टमन, वायरमन आणि बँकेचा वसुलीवाला या तिघांनीही बाईंच्या ओसरीवर जीभ काढलेली आहे. वसुलीवाल्याची वळली नाही. आम्हाला बरं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात तर त्यांनी कहर केला. ऐन मंगलाष्टकांत नवऱ्या मुलाच्या मागे जाऊन त्याच्या मुंडावळ्या बाजूला केल्या आणि जाहीर केलं, "याची चिकटलेली! वडलांची सुटी!" गुरुजी अडखळले. नवरदेवाच्या वडलांचा चेहरा असा काही झाला की मुलीकडच्यांचे अक्षता टाकणारे हात हवेतच राहिले. मग बाईंच्या लक्षात आलं. "छे छे, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "इतकं सोपं नसतं ते. कानावरून बाप ठरत नाही!"

याने मांडव शांत झाला, असं मला म्हणवत नाही.

'इतकं सोपं नसतं ते' हे बाईंचं लाडकं वाक्य. पाऊस पडेल का, एसटी येईल का, सरपंच निवडून येतील का, सगळ्याला हेच उत्तर. तसं बोलण्याचा त्यांना हक्कही आहे म्हणा. आमच्याकडचा वासाचा भात उंच वाढतो आणि लोंबी भरायच्या वेळी वाऱ्याने आडवा पडतो. वास न घालवता त्याचं ताट, म्हणजे उभा दांडा, आखूड करायचं, एवढ्या एका खटपटीत बाईंचं आयुष्य गेलं. आधी पुण्यात, मग परदेशात, मग परत पुण्यात. लग्नाला सवड झाली नाही. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं प्रयोगशाळेतून हलल्या नाहीत, आणि शेवटी गावी येऊन भावाच्या रिकाम्या घराचं कुलूप काढलं.

त्या 'गुणसूत्रांवर' काम करतात, ही बातमी गावात पसरली आणि दुसऱ्याच दिवशी बबनतात्या पोरीची पत्रिका घेऊन हजर. मी तिथंच चहा पीत होतो.

"म्याडम, गुण तुमी बघता म्हनं. छत्तिसातले किती जुळत्यात तेवढं सांगा."

"छत्तीस नाही," बाई म्हणाल्या, "शेचाळीस."

तात्यांनी टोपी मागे सरकवली. "धा जास्तीचे?"

"प्रत्येकात शेचाळीस. त्यातली निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून."

"निम्मी आमच्याकडनं, निम्मी त्यांच्याकडनं," तात्यांनी मनात खर्चाची वाटणी केली. "हे बेस झालं. पर जुळत्यात का?"

बाईंनी तूर, मूग आणि हरभरे मांडून पेशी कशी दुभंगते ते समजावलं. तात्या हरभरे खात ऐकत होते. उठताना ते बाईंच्या पाया पडले आणि मग गावभर सांगत सुटले, "शेचाळीसच्या शेचाळीस जुळले!" लग्न झालं, संसार झकास चाललाय, आणि तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत छत्तीस गुणी स्थळ आलं की लोक जरा नाक मुरडतात.

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असलं, तरी एका गोष्टीवर बाई खरंच चिडायच्या. गाव त्यांना 'पुण्याच्या म्याडम' म्हणायचं.

"मी पुण्याची नाही. इथली आहे," त्या म्हणायच्या.

"व्हय की," लोक मान डोलवायचे. "मंग पुन्याला कवा निगायचं म्याडम?"

त्यात लोकांचा दोष नव्हता. गावची पोर लग्न होऊन सासरी जाते आणि यात्रेला माहेरी येते, हे गावाला माहीत. पण जी सासरी गेलीच नाही, ती माहेरी येणार कशी? यात्रेत माहेरवाशिणींच्या ओट्या भरल्या जात, तेव्हा बाई पारावर पाहुण्या पुढाऱ्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेल्या असायच्या. मान मोठा होता. बाई मात्र तिकडे रांगेकडे बघत असायच्या.

मग यंदा बाईंना आयुष्यभराच्या कामासाठी मोठा पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आला आणि गाव जागं झालं. सत्कार ठरला. गावात माईक नेहमी माझ्याकडेच असतो, म्हणून निरोप घेऊन मी गेलो.

"सत्कार म्हणजे वेळेचा अपव्यय," बाई म्हणाल्या. मी उठलो तशा दारापर्यंत आल्या. "फ्लेक्सवर काय लिहिणार आहात?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यांनी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली. "बाकी काही नको. 'गावची लेक' एवढं लिहा."

मी नसरापूरला जाऊन फ्लेक्सवाल्याला मजकूर स्वतः सांगितला. त्याने स्वतः ऐकला. आणि सत्काराच्या सकाळी शाळेच्या पटांगणात जे उलगडलं ते असं: 'पुण्याहून आलेल्या आदरणीय पाहुण्या, थोर शास्त्रज्ञ डॉ. शकुंतलाबाई यांचे गावात हार्दिक स्वागत!' खाली बाईंचा फोटो आणि भोवती आम्हा सोळा शुभेच्छुकांचे त्याहून मोठे फोटो.

बाई आल्या. इस्त्रीची साडी नेसलेल्या, केसांत चक्क अबोलीचा गजरा. फ्लेक्स त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. नेमून दिलेल्या खुर्चीत पाहुणीसारख्या बसल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाचा कान बघितला नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं. सरपंचांनी 'अनुवंशशास्त्र' हा शब्द तीन वेळा सुरू केला आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडला. मग मी बाईंच्या पुढ्यात माईक धरला.

"पाहुणीने फार बोलू नये," बाई म्हणाल्या. "आभारी आहे."

एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सोनाआजी उठल्या. नव्वदीला टेकलेल्या, कमरेत वाकलेल्या. हातात खण, नारळ आणि तांदळाचं ताट. बाईंच्या थोरल्या बहिणीच्या या मैत्रीण. पायरी चढताना पुटपुटत होत्या, "पावनी म्हनं. हिचं नाक म्या पुसलंय."

खालून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आजी, म्याडमचं लगीन न्हाई झालं. वटी कशी भरायची?"

"तुला इचारलं का?" आजींनी मागे न बघता विचारलं. मग बाईंसमोर उभ्या राहिल्या. "शके, पदर पसर."

जगभर व्याख्यानं दिलेल्या बाईंना पदर कसा धरायचा ते कळेना. आधी उलटा धरला, मग एकच टोक धरलं. शेवटी आजींनीच तो ओढून नीट केला आणि ओंजळीने तांदूळ घातले. बाई मान खाली घालून पदरात बघत होत्या. डोळे भरून आले होते, ते लपवायला त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. त्यांनी चिमटीत एक दाणा उचलला, भिंग डोळ्याला लावलं आणि भिजल्या आवाजात म्हणाल्या, "सोनाक्का, यात... यात दोन जाती मिसळल्यात गं..."

माईक अजून माझ्या हातात होता, चालू होता, म्हणून आजींचं उत्तर पार हमरस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"गप उबी ऱ्हा की पोरी! म्हायेरचं तांदूळ हायती, तपासायचं नसत्यात!"