सिद्रामआप्पांचं हमिंग

आमच्याकडे कुणी आलं की आधी खुर्चीकडे वळतं. शेजारचे सिद्रामआप्पा थेट फ्रीजकडे वळायचे. त्याच्या दाराला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "व्हय. पांढरी पाच."

विजेवरची प्रत्येक वस्तू एकाच सुरात गुणगुणते आणि तो सूर पेटीवरच्या पांढरी पाचच्या आसपास असतो, असा त्यांचा शोध होता. फ्रीज, ट्यूबलाइट, चौकातला ट्रान्सफॉर्मर, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. "आक्खं सोलापूर एका पट्टीत गातंय, सर. माणसांनाच तेवढं जमंना." मी शाळेत शिकवतो, म्हणून मी सर. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असूनही.

आप्पा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर वायरमनचं काम केलं आणि लग्नसराईत वरातींपुढे बेंजो वाजवला. बेंजो म्हणजे तारा ताणलेली, टाइपरायटरसारखी बटणं असलेली लाकडी पेटी. चालत्या गाडीवर उभं राहून ते ती तीन-तीन तास वाजवायचे. नवरदेव घोड्यावरून पडला तरी आप्पांचा ताल पडायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा, गौराक्कांचा, आवाज बसला. महिनाभर हळदीचं दूध झालं, मग तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलणं नाही. पण लगेच या, दिवस घालवू नका.

आप्पा घरी आले आणि मला म्हणाले, "आदी हिचा आवाज भरून घेतो. मग दाखल करतो."

गौराक्का माहेरची एक कानडी अंगाई म्हणत. मुली तीवरच वाढल्या आणि सासरी गेल्या. ती अंगाई बेंजोच्या साथीवर रेकॉर्ड करायची होती. थोरल्या मुलीचा जुना लॅपटॉप आला, बेंजो आणि माइक जोडायची एक छोटी पेटी आली. आप्पांनी वायर खुपसली आणि हेडफोनमधून आवाज आला, हूंऽऽऽ.

"हमिंग हाय," आप्पा म्हणाले. "असल्या घाणीत हिचा आवाज भरायचा न्हाय."

तिथून त्यांची मोहीम सुरू झाली. भर उन्हाळ्यात पंखे बंद झाले. फ्रीजचा प्लग निघाला, दूध नासलं. बेंजोच्या पोटात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला गेला. आम्ही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी टीव्ही बंद ठेवले. एकदा तर पाणी यायला अजून तीन दिवस असताना त्यांनी दोन बादल्या पाणी आणि पिशवीभर मीठ, अर्थिंग नीट लागावं म्हणून, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. गौराक्का बसक्या आवाजात ओरडल्या, "अहो, मला आंघोळीला न्हाय आन् जमिनीला पाजता व्हय?" मग स्वतःच हसल्या. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

दवाखान्याची पहिली तारीख हमिंगमध्ये गेली. दुसरी जवळ आली. मी एकदा म्हटलं, "आप्पा, आहे तसं भरा. थोडं हमिंग राहू दे."

"सुम्निर," ते कानडीत माझ्यावर खेकसले. गप्प बस! मला ते कधी अरे-तुरे करत नसत.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. आप्पा चौथ्यांदा तीच वायर डागत होते, हेडफोन माझ्या कानांवर होते. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण कानातलं हूं एकदम थांबलं.

"आप्पा, गेलं की!" मी ओरडलो. "हमिंग गेलं! चार्जरचं होतं वाटतं."

आप्पांनी वर पाहिलंच नाही.

दारातून गौराक्का म्हणाल्या, "त्यांना ठाव हाय, सर. पयल्याच दिवशी चार्जर काढून बगितला त्यांनी. मी हितंच हुते की."

मी आप्पांकडे बघितलं. चाळीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. मोटारीला नुसता हात लावून बिघाड सांगणारा.

"भरून झालं की दाखल करायचं, असं मीच बोललो हुतो," आप्पा पुटपुटले. "दाखल केलं की... ते काडणार."

"म्हणून न काडता मरू का मी?" गौराक्कांचा आवाज तेव्हा पानांच्या सळसळीएवढाच उरला होता. त्या चटईवर येऊन बसल्या. "साकु आता. बस झालं. वाजवा."

आप्पांनी बेंजो मांडीवर घेतला. वरातीत कधी न चुकलेला माणूस त्या दुपारी दोनदा चुकला. गौराक्का दोन्ही वेळा थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. वरचे सूर लागत नव्हते, तिथे त्या नुसते शब्द बोलल्या. तिसऱ्यांदा पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दाखल झाल्या.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर आप्पांना म्हणाले, गाठ मानेत पसरली होती, पहिल्या तारखेला आला असतात तर बरं झालं असतं. ही गोष्ट आप्पांनी मला एकदाच सांगितली आणि त्यानंतर महिनाभर आमच्या घरी पाऊल टाकलं नाही.

आता गौराक्कांच्या गळ्यात नळी आहे. काही सांगायचं असलं की त्या पाटीवर कानडीत लिहितात, माहेरी शाळेत तेवढंच शिकलेल्या. आप्पा लिहायला-वाचायला मराठीत शिकलेले, कानडी फक्त बोलण्यापुरती. म्हणून रोज सकाळी ते ओसरीवर कानडी अंकलिपी घेऊन बसतात. परवा अक्षरं गिरवताना सापडले. मी विचारलं, "ते रेकॉर्डिंग कसं आलंय? ऐकवा की एकदा."

"कुटं? मी बी ऐकलं न्हाय अजून."

"का?"

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. गौराक्का भाकरी थापत होत्या. थपथप आवाज येत होता.

"ती हाय की अजून," आप्पा म्हणाले, आणि पुढचं अक्षर गिरवू लागले.