मशकस्वारांचे कुळ शोधिल्याची हकीकत

श्री. सूक्ष्मात जो दडला आणि शोधणाऱ्यासच जो दिसतो, त्यास नमन करून, घडले तैसे लिहितो. धन्याने कान द्यावा.

शके १९३७ मन्मथनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, राज्यात तापाची धामधूम उडाली. शत्रू विषाणू, डासावर स्वार होऊन येई आणि माणसाचे रक्तात उतरून मुलूख मारी. दरबारची वहिवाट ऐसी की, शत्रूचे कुळ त्याचे वाहनावरून ठरवावे. डासावर आला तो मशकस्वार, मग तो कोणी का असेना. एक नाव आणि एक औषध. ही वहिवाट कोणा शहाण्याने घातली देव जाणे, परंतु वाडवडिलांची म्हणून सारे मान डोलावीत. एकट्या म्हाळसाबाई पोतनीस, ज्यांजकडे विषाणूंची कुळे लावण्याचा कारभार होता, त्या म्हणत, "एकाच डासावर दोन वैरी बसतात. वाहन काय पाहता? अंगरखा पाहा, आणि आतला हुकूम वाचा." कारण प्रत्येक विषाणूचे पोटी हुकूम असे, की माझ्यासारखेच आणखी घडवा, आणि देहातले कारागीर बिचारे तो मुकाट बजावीत. त्यांतल्या एका, सांधे धरणाऱ्या संधितापाचा विषाणू अंगरख्यावर भाले रोवून येई, आणि अंगरखा शिवण्याचा मजकूर हुकुमातून वेगळा उतरवून घेई. दुसऱ्या, रक्तस्राव करणाऱ्या रक्ततापाच्या विषाणूचा अंगरखा गुळगुळीत, आणि हुकूम एकसलग. कारागीर तो अवघा बजावून मग झालेल्या मालाचे कातरून तुकडे करीत. दरबार हे ऐके, विडा चघळी आणि दुसरे कामास लागे.

तो बाईंचे धाकटे बंधू मानाजीपंत तापाने पडले. सांधे ऐसे धरले की कूस बदलता येईना, आणि डोळ्यांमागे घण पडू लागले. राजवैद्य त्रिंबकशास्त्री आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "मशकस्वारच. ठणक मारणारी जहाल मात्रा देतो, घटकेत उठून बसतील." संधिताप असता ती मात्रा गुणकारी खरी, परंतु रक्तताप निघाला तर तीच रक्त पातळ करील आणि माणूस आतून वाहून जाईल. बाई दारात आडव्या जाहल्या आणि बोलिल्या, "शास्त्रीबुवा, कुळ लागेतो मात्रा नाही. तापाची साधी गोळी आणि मीठसाखरेचे पाणी, बस्स." शास्त्री संतापून म्हणाले, "भाऊ तळमळतो आणि तुम्हांस कुळे सुचतात?" आणि मानाजीपंतही विव्हळत म्हणाले, "ताई, दे गं ती मात्रा. बहीण नव्हेस, वैरीण आहेस." बाईंचे डोळे भरले, परंतु पाऊल हलले नाही. सख्ख्या भावाचे ऐसे बोल ऐकून उभे राहणे, बापरे, तलवारीपुढे उभे राहणे त्याहून सोपे.

मग रक्त काढिले आणि यंत्राखाली धरिले. अंगरखा पाहिला, तो भाला एक नाही, सारा गुळगुळीत. तरी एवढ्यावर विश्वास न ठेवता पोटातला हुकूमही वाचला. तो निघाला एकसलग. रक्तताप. शास्त्री तेथेच होते; त्यांनी मात्रेची कुपी बटव्यात ठेविली आणि खाली बसले.

पुढे ताप उतरला. वहिवाट ऐसी की, ताप उतरताच नगारा वाजवावा, वैद्यांनी मानाची वस्त्रे घेऊन घरी जावे. नगारा वाजू लागला, आणि बाई धावत गेल्या आणि टिपऱ्या हिसकून घेतल्या. म्हणाल्या, "या कुळाची चाल मला ठाऊक आहे. हे माघार दाखवून उलटून येते. कोणी हलू नका." झालेही तैसेच. मानाजीपंतांचे हातपाय गार पडले, नाडी बारीक झाली, हिरड्यांतून रक्त आले आणि बोलणे बंद पडले. शास्त्री अंगरख्याच्या बाह्या सारून बसले, शिरेतून क्षारजल मापून सोडू लागले, घटकाघटकांनी नाडी पाहू लागले. बाई उशाशी बसून नुसत्या हाका मारीत होत्या, "माना, अरे माना." बहुत वेळाने नाडी भरली, पाय ऊन जाहले आणि पंतांनी पाणी मागितले.

बरे वाटल्यावर पंत खाली मान घालून म्हणाले, "ताई, तुला वैरीण म्हणालो." बाई म्हणाल्या, "म्हणत होतास तोवर मला धीर होता रे. गप्प झालास, तेव्हा भ्याले."

सारांश, ते साली वाहन पाहून ज्यांस मात्रा दिली गेली, त्यांपैकी कित्येक रक्ततापाचे होते, ते प्राणास मुकले. ती वहिवाट शास्त्रींनी भर दरबारात स्वमुखे मोडिली. आणि ताप उतरताच वैरी गेला ऐसे मग कोणी धरीना, म्हणून नगाराही त्या साली पुन्हा वाजला नाही.