स्वीडिश मीटबॉल आणि प्रेरणाचं स्थळ

मुलगी पाहायला आलेल्यांना पोहे कोणीही देतं. मी देणार होतो स्वीडिश मीटबॉल! अहो, देवरीचा ओमेश तीन वर्षं स्वीडनला इंजिनिअर. आमच्या प्रेरणाला तो फोटोतच आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, मी ठरवलं!

मोबाइलवर रेसिपी पाहिली. खिम्यात दुधात भिजवलेला पाव कालवायचा, गोळे तळायचे, वर दूध-सायीचा पांढरा रस्सा! "प्रोटीन, लोह, बी-ट्वेल्व्ह! एका प्लेटीत अख्खा दवाखाना!" मी बायकोला म्हणालो.

"मंग सलाईनच लावा ना पाहुण्यांले," सुलोचना म्हणाली.

आमच्याकडे मटण अंगणातल्या चुलीवर, तेही पुरुषांनीच रांधायचं. पाहुणे ओसरीत टेकले, तेव्हा मी पातेल्यात दूध ओतत होतो. तेवढ्यात मागून आई आली. वय ब्याऐंशी, आवाज पार तिरोडा स्टेशनापर्यंत!

"अरे चंद्रकुमार! मटनात दूध? कोड फुटन ना रे घरात!"

ओसरीत ओमेशच्या आईनं, कुंताबाईंनी, एवढंच ऐकलं: कोड, घरात!

"यायच्या घरी कोणाले कोड आहे का जी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं आणि पिशवी उचलली. दाराआड प्रेरणाचा चेहरा पडला. मी झारा घेऊनच धावलो.

"कोणाले नाही जी! मी फक्त मटणात दूध टाकून राहिलो!"

"म्हंजे आता आमाले कोड आणता काय?" कुंताबाई कडाडल्या.

"आई, काही नाही होत," ओमेश घाईनं म्हणाला. "तिकडं मी तीन वर्षं हेच खाऊन राहिलो!"

झालं! कुंताबाईंनी पिशवी टाकून पोराची बाही वर केली. आमची आईही काठी टेकत पोचली. "पोरगा दूध-मटन खाते? मंग आमालेबी पाहू द्या! शर्ट काढ रे बाबू!"

"आजी, खाल्ल्यानं कोड होत नाही," प्रेरणा दारातून म्हणाली. ती नर्स आहे. "अन् झालं तरी माणूस वाईट होत नाही!"

पण त्या दोघींपुढं नर्सचं काय चालणार? दोन मिनिटांत स्वीडनचा इंजिनिअर भर उन्हात उघडाबंब, हात वर करून गरगर फिरत होता. शेजारचे मुन्नालाल कुंपणावरून सांगत होते, "बगलेत पाहा, बगलेत!"

"साफ आहे," आईनं निकाल दिला.

मी कपाळाला हात लावला. जावयाची अशी झडती घेतल्यावर कोण सोयरीक करणार? लाजेनं मला वर पाहवेना.

तेवढ्यात प्रेरणा चहा घेऊन बाहेर आली. तिनं ओमेशला नखशिखान्त, अगदी निवांत पाहिलं.

"बाबा, मले पसंत आहे!"

कुंताबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. ओमेश कानापर्यंत लाल झाला.

"मलेबी," तो पुटपुटला. "आता शर्ट घालू का जी?"